व्हरोआवरचे उपचार आणि त्यांचे दुष्परिणाम (खान्देश)

व्हरोआ म्हणजे मधमाशीच्या अंगावर आणि पिलाव्यात (पेटीतल्या अंडी, अळ्या, कोषांत) जगणारा कोळी. शेतकऱ्याला कोळी म्हटलं की वांग्यावरचा लाल कोळी आठवतो, हा त्याचाच लांबचा भाऊबंद, पण चपटा, तांबूस-तपकिरी, खेकड्याच्या पाठीसारखा, आणि जेमतेम दीड मिलिमीटर रुंद. मूळचा आशियातला, आपल्या देशी सातेरी मधमाशीवरचा. १९०४ साली जावा बेटावरच्या सातेरीवरून या गटाची पहिली नोंद झाली, आणि मेलिफेरा या परदेशी पाळीव माशीची वाट लावणारी जात वेगळी आहे हे कळून तिला व्हरोआ डिस्ट्रक्टर हे नाव मिळालं ते थेट २००० साली.

सातेरीकडे हा कोळी मुख्यतः नराच्याच पिलाव्यात वाढतो, शिवाय ती अंग झटकून साफ करते, म्हणून तिचं फारसं बिघडत नाही. मेलिफेरा मात्र बाहेरून आणलेली, १९६० च्या दशकात हिमाचल-पंजाबकडे रुजली आणि मग सगळीकडे पसरली, तिच्यात कोळी कामकरी माशीच्या पिलाव्यातही पिल्लं घालतो. कांदा बियाण्याला किंवा सूर्यफुलाला परागीभवनासाठी मेलिफेराच्या पेट्या ट्रकने इकडून तिकडे फिरतात आणि त्यांच्याबरोबर कोळीही फुकटात फिरतो. (केळीला माशी लागत नाही, फळ परागीभवनाशिवायच धरतं, त्यामुळे रावेर-यावलकडे केळीवाल्याला या सगळ्याचं काही देणंघेणं नसतं.)

मादी कोळी अळीचा कोष (मेणाचं घर) झाकला जाण्याच्या थोडं आधी आत शिरते आणि झाकणाखाली अंडी घालते. माशीच्या अंगातली चरबीपेशी खाते, वरून पंख वाकडे करणारा व्हायरस पसरवते. पेटीसमोर जमिनीवर चुरगळलेल्या पंखांच्या माशा सरपटताना दिसल्या म्हणजे उशीर झालाय. त्याआधीच मोजायचं: पिलाव्याच्या फ्रेमवरच्या अर्धा कप माशा, म्हणजे साधारण ३०० (राणी त्यात नाही ना हे दोनदा बघून), जाळीच्या झाकणाच्या बरणीत घ्यायच्या, दोन चमचे पिठीसाखर टाकून घोळायच्या आणि साखर पांढऱ्या ताटात पाडायची. ताटात ९ कोळी म्हणजे शंभर माशांमागे ३, आता थांबायचं नाही.

औषध कोणतं यावर लोक तासन् तास भांडतात, पण आपल्याकडे खरा प्रश्न थर्मामीटरचा आहे. फॉर्मिक ॲसिडची वाफ मेणाच्या झाकणातून आरपार जाऊन आतला कोळीही मारते, हा त्याचा मोठा गुण. आपल्याकडे वर्षानुवर्षं सांगितली जाणारी पद्धत म्हणजे ८५ टक्क्यांचं ॲसिड, रोज ५ मिली, १५ दिवस, पेटीच्या तळफळीवर छोट्या बाटलीत वात लावून. पण दिवसाचं तापमान ३० च्या वर गेलं की वाफ एकदम उठते, आणि भुसावळचं ऊन मार्चमध्येच त्याच्या पार पुढे गेलेलं असतं. म्हणजे खान्देशात फॉर्मिकसाठी हक्काचा काळ डिसेंबरअखेर ते जानेवारी, तेही संध्याकाळी ठेवून, आणि पुढचे दोन-तीन दिवस दुपारच्या पाऱ्यावर नजर ठेवून.

चुकलं तर काय दिसतं? चोपड्याकडे एका बांधावर, निंबाखाली, मार्चमध्ये फॉर्मिक लावलेली एक पेटी मी सकाळी पाहिली, माशा दारावर दाढीसारख्या लोंबत होत्या आणि खाली पांढऱ्या अळ्या, अर्धवट माशा, ओढून टाकलेल्या, मुंग्या लागलेल्या. राणी गेली होती.

थायमॉलचंही (ओव्याच्या अर्काचं औषध) उन्हात तसंच, माशा बाहेर लोंबतात, राणी अंडी घालणं कमी करते, आणि मधकोठी (पेटीचा वरचा, मधाचा कप्पा) चढवलेली असेल तर मधाला ओव्याचा वास लागतो. फ्लुव्हॅलिनेट-ॲमिट्राझ या कोळीनाशकांच्या पट्ट्या वापरायला सोप्या, पण सारख्या वापरल्या की कोळी दाद देईनासा होतो आणि अंश मेणात साठतो. कपाशीवरचं कोळीनाशक मोजून-मापून पेटीत टाकणारेही भेटतात, त्यांना काय बोलणार.

ऑक्झॅलिक ॲसिड इतकं उन्हावर अवलंबून नाही, पण झाकणाखालच्या कोळ्याला ते शिवत नाही. युरोपात थंडीत राणी अंडी घालायची थांबते म्हणून तिकडे ते हिवाळ्यात देतात, आणि इथेच आपले लोक फसतात, कारण खान्देशात जानेवारीतही तुरीचं, शेवग्याचं, काही ना काही फूल चालू असतं आणि पिलावा भरलेला असतो. मग राणीला पिंजऱ्यात २४ दिवस अडकवायचं, सगळा पिलावा निघू द्यायचा (नराला अंड्यापासून २४ दिवस लागतात, म्हणून), आणि मग ३५ ग्रॅम ऑक्झॅलिक १ लिटर साखरेच्या पाकात (साखर-पाणी समसमान) विरघळवून दोन फ्रेममधल्या प्रत्येक गाळ्यात ५ मिली, एका पेटीला ५० मिलीच्या वर नाही. मे महिन्यात फुलं नसतात, राणी आधीच सुस्तावलेली असते, तेव्हा हे जमून जातं.

हातमोजे, चष्मा हवेतच. फॉर्मिक पातळ करायचं असेल तर पाण्यात ॲसिड ओतायचं, उलटं कधीच नाही. आणि कुठलंही औषध देताना मधकोठी उतरवून ठेवायची.

फॉर्मिक उलटलंच तर आधी बाटली बाहेर काढा, दार पूर्ण उघडा, झाकणाखाली काडी घालून फट ठेवा, सावली आणि जवळ पाणी द्या. मग मात्र आठवडाभर पेटी उघडू नका, सारखं उचकून पाहण्यात वाचलेली राणीही चेंगरते. राणी नसेल तर माशा स्वतःच तरुण अळीपासून राणीकोष बांधतात, तो दिसला तर मोडायचा नाही. नवी राणी अंड्यापासून १६ दिवसांत निघते, पण मिलन होऊन अंडी घालेपर्यंत महिना धरा, आणि तोवर जुना पिलावा निघून गेलेला असतो, म्हणजे ऑक्झॅलिकला आयती संधी. माशा फारच कमी राहिल्या असतील तर वर्तमानपत्राचा कागद मध्ये ठेवून शेजारच्या पेटीवर चढवा, कागद त्या हळूहळू कुरतडतात.

आठवड्याने पेटी उघडली की राणी शोधत बसू नका, अंडी बघा. सूर्य पाठीमागे घेऊन फ्रेम तिरकी धरा आणि कोषाच्या तळाशी नजर टाका: अंडं सुईसारखं उभं असेल तर ते कालचं-आजचं, आडवं पडलेलं असेल तर तिसऱ्या दिवसाचं.