मार्डेल ग्रीन: पाण्याखाली काय आहे आणि काय नाही

पावसाने ओढ दिली की इंग्लंडच्या वायव्येकडच्या कंब्रिया परगण्यातल्या हॉझवॉटर जलाशयाची पातळी झपाट्याने उतरते. काठाला आधी पांढुरक्या दगडांचा पट्टा उघडा पडतो, मग चिखल दिसतो आणि त्या चिखलातून दगडी कुंपणांच्या रेषा वर येतात. दोन कुंपणांमधली गाडीवाट ओळखू येते. ओढ्यावरचा एक छोटा कमानीचा पूल तर जसाच्या तसा उभा असतो. १९७६, १९८४, १९९५, २००३ आणि अलीकडे २०२१ व २०२२ या वर्षी असे घडले. खडखडीत कोरड्या वर्षी हे अवशेष पाहायला खोऱ्यात गर्दी लोटते आणि ‘बुडालेले गाव वर आले’ असे सगळे म्हणू लागतात.

त्या गावाचे नाव मार्डेल ग्रीन. गाव कसले, वाडीच ती. मात्र ‘बुडालेले गाव’ हे वर्णन पुरते खरे नाही. पाणी चढले तेव्हा तिथे बुडायला घरे उरलीच नव्हती. ती आधीच पाडली होती आणि वाडीतल्या बऱ्याच गोष्टी तोवर दुसरीकडे पोहोचल्या होत्या. पाण्याखालच्या चर्चमध्ये रात्री घंटा वाजते, अशा कथा बुडित गावांबद्दल जगभर सांगतात. मार्डेलला ती सोय नाही, कारण पाण्याखाली चर्चच नाही. ते कुठे गेले, आणि बाकीचे काय कुठे गेले, हे समजून घ्यायचे तर जरा मागे जावे लागते.

मार्डेल म्हणजे साधारणपणे ‘तळ्याचे खोरे’. या भागातली ‘डेल’, ‘फेल’, ‘बेक’ अशी खोऱ्यांची, डोंगरांची आणि ओढ्यांची नावे हजारेक वर्षांपूर्वी इथे वसलेल्या स्कँडिनेव्हियन लोकांच्या भाषेतून आली. खोऱ्याच्या टोकाशी डोंगर तिन्ही अंगांनी आवळत येतात. पश्चिमेला हाय स्ट्रीट नावाची लांबलचक धार आहे. तिच्या माथ्यावरून रोमन सैन्याने रस्ता नेला होता, म्हणून डोंगराचे नाव रस्त्यासारखे. त्या धारेच्या कुशीत ब्ली वॉटर हे काळेशार तळे आहे, सुमारे ६३ मीटर खोल. दक्षिणेला दोन खिंडी, नॅन बिल्ड आणि गेटस्कार्थ. त्यांतून पायी किंवा घोड्यावरून पलीकडच्या खोऱ्यांत उतरता येई. खाली, खोऱ्याच्या तळाशी, मूळचे नैसर्गिक हॉझवॉटर तळे होते. मेझंडच्या ओढ्याने आणलेल्या गाळाची जीभ मध्येच पाण्यात शिरल्यामुळे त्याचे जवळपास दोन भाग झाले होते, वरचे पाणी आणि खालचे पाणी. मार्डेल ग्रीन होते वरच्या टोकाला. तळ्याच्या काठी मेझंड ही दुसरी वस्ती होती आणि खोऱ्यातल्या मुलांची शाळा तिथे होती.

वाडीत होते काय? पाचसहा शेतघरे, एक चर्च आणि एक खानावळवजा मुक्कामाची जागा, ‘डन बुल’. चॅपल हिल, गूझमायर, ग्रोव्ह ब्रे, फ्लेकहाऊ, रिगिनडेल ही शेतघरांची नावे नकाशांमुळे टिकून आहेत. जनावरे होती, गवताची कुरणे होती, पण सगळा संसार खरा तोलला होता तो मेंढ्यांवर.

वाडीचे एक घराणे फार जुने. होम आडनावाच्या या कुटुंबाच्या कर्त्याला परिसरात ‘मार्डेलचा राजा’ म्हणत. परंपरा अशी की या घराण्याचा मूळ पुरुष, ह्यू होम, १२०९ मध्ये राजा जॉनविरुद्धच्या कटात सापडला आणि पळत पळत या आडबाजूच्या खोऱ्यात येऊन एका गुहेत लपला. पुढे राजा मेला, पण ह्यू परत गेला नाही. रिगिनडेलच्या कड्यात आजही त्याच्या नावाची गुहा दाखवतात. आख्यायिकेचा भाग बाजूला ठेवला तरी घराणे खरे होते. त्याचा पुरुषवंश १८८५ मध्ये ह्यू पार्कर होमच्या मृत्यूने संपला. म्हणजे धरण बांधायला मँचेस्टर महापालिकेचे इंजिनिअर खोऱ्यात यायच्या आधीच मार्डेलची ही गादी रिकामी झाली होती.

वर्षातला मोठा दिवस नोव्हेंबरात येई, तो मेंढपाळांच्या मेळाव्याचा. इथल्या डोंगरांवर कुंपण नसलेली सामाईक कुरणे आहेत. प्रत्येक कळपाची जागा ठरलेली असते आणि ती मेंढ्यांनाच ठाऊक असते. आईच्या मागे हिंडता हिंडता कोकराला आपला डोंगर कळतो, असे पिढ्यान् पिढ्या चालते. तरी थोड्या मेंढ्या चुकतातच. लोकरीवरचा रंगाचा पट्टा आणि कानावरची खाच पाहून ती कुणाची हे ओळखायचे. चुकलेली मेंढी मेळाव्यात आणून तिच्या मालकाच्या हवाली करायची, हा तिथला नेम. मार्डेलचा मेळावा ‘डन बुल’मध्ये भरे. मेंढ्यांची देवघेव आटोपली की मग जेवणे, शर्यती, गाणी. चार डोंगरांपलीकडची माणसे खिंडी ओलांडून यायची. लोकसंख्येच्या आकड्यावरून या वाडीचे मोल कळत नाही, असे मला वाटते ते यामुळेच. राहणारे मूठभर, पण आजूबाजूच्या खोऱ्यांचा व्यवहार जिथे जुळायचा ती गाठ ही होती.

चर्चची गोष्ट याहून विलक्षण. होली ट्रिनिटी हे त्याचे नाव, आणि आत जेमतेम ७५ माणसे बसतील एवढे ते लहान. कित्येक पिढ्या त्याला स्वतःची दफनभूमी नव्हती. वाडीत कोणी गेले की प्रेत घोड्याच्या पाठीवर बांधत आणि उभ्या चढाच्या वाटेने डोंगर ओलांडून, मधले स्विंडेल खोरे पार करून शॅप गावाला नेत. त्या वाटेला अजूनही ‘प्रेतवाट’च म्हणतात. १७३६ च्या जून महिन्यात या वाटेवरून शेवटचे प्रेत गेले. त्यानंतर मार्डेलची माणसे मार्डेलच्याच मातीत, चर्चच्या अंगणात विसावू लागली.

हे सारे मोडले ते मँचेस्टरच्या पाण्यापायी. सुताच्या गिरण्यांनी हे शहर असे काही फुगवले की १८५१ पर्यंत त्याची वस्ती तीन लाखांवर गेली. या गिरण्यांचा धागा आपल्याकडेही पोहोचतो. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतल्या यादवीमुळे तिथला कापूस बंद झाला, तेव्हा वऱ्हाड-खानदेशचा कापूस मुंबई बंदरातून प्रचंड प्रमाणात मँचेस्टरच्या लँकेशायर परगण्यात जाऊ लागला आणि हिंगणघाटचे नाव तिकडच्या बाजारात पोहोचले. गिरण्यांचे शहर पाण्यासाठी आधी जवळच्या लाँगडेंडेल खोऱ्यात गेले. तिथल्या तलावांची मालिका पुरेना, तेव्हा महापालिकेने उत्तरेच्या डोंगराळ तळ्यांकडे नजर वळवली.

पहिला नंबर थर्लमिअरचा लागला. त्याविरुद्ध मोठी चळवळ झाली. निसर्गसौंदर्य ही साऱ्या देशाची ठेव आहे, ती एखाद्या शहराने आपल्या सोयीसाठी मोडू नये, हा युक्तिवाद इंग्लंडमध्ये एवढ्या जोराने बहुधा प्रथमच मांडला गेला. चळवळ हरली. १८७९ मध्ये कायदा झाला आणि ऑक्टोबर १८९४ मध्ये थर्लमिअरचे पाणी सुमारे १५४ किलोमीटरच्या जलवाहिनीतून मँचेस्टरला पोहोचले. १८९५ मध्ये निसर्ग आणि वारसा जपणारी नॅशनल ट्रस्ट ही संस्था स्थापन झाली. तिच्या संस्थापकांपैकी काहींचा पिंड या भागातल्या अशा लढ्यांतच घडला होता.

हॉझवॉटरच्या वेळी तेवढे रण माजले नाही. महायुद्ध नुकतेच संपले होते. १९१९ मध्ये संसदेने मँचेस्टर महापालिकेला इथे धरण बांधण्याचा अधिकार दिला. मार्डेल आडबाजूला होते, पर्यटकांच्या वाटेवर नव्हते आणि बोलणारी माणसे थोडी होती. वाडीचे लहानपणच तिच्या मुळावर आले.

कायदा होऊनही काम लगेच लागले नाही, आणि धरणग्रस्तांच्या दृष्टीने हाच काळ सर्वांत अवघड असतो. महापालिकेने जमिनी विकत घेतल्या आणि शेतकरी आपल्याच घरांत तिची कुळे होऊन राहिले. जायचे हे नक्की, कधी ते ठाऊक नाही. बांधकाम १९२९ मध्ये सुरू झाले. मंदीत पैसा आटला तेव्हा ते मध्ये थांबले आणि १९३४ च्या सुमारास पुन्हा जोमाने चालू झाले. कामगारांसाठी खोऱ्याच्या खालच्या तोंडाशी बर्नबँक्स नावाची नवी वसाहत उभी राहिली. लोखंडी पत्र्यांची एकमजली घरे होती ती. वरची वाडी उठत होती आणि खाली धरणासाठी नवे गाव वसत होते.

धरण त्या काळी नवलाचे मानले गेले. ते भरीव नाही. आतून पोकळ असलेले ४४ आधार-खंड एकमेकांना लवचीक सांध्यांनी जोडून ते उभारले आहे आणि या पद्धतीचे ते जगातले पहिले धरण म्हणून ओळखले जाते. लांबी ४७० मीटर. त्याने तळ्याची पातळी सुमारे २९ मीटरने चढली. वरचे आणि खालचे पाणी एक होऊन सहा किलोमीटरहून लांब जलाशय झाला आणि त्यात भरल्यावर ८४ अब्ज लिटर पाणी मावू लागले.

१८ ऑगस्ट १९३५ रोजी होली ट्रिनिटीत शेवटची उपासना झाली. कार्लाइलचे बिशप आले होते. आत जागा ७५ माणसांची, आणि निरोप द्यायला आलेला जमाव एवढा की बाकीचे बाहेर डोंगरउतारावर बसले. त्यांच्यासाठी ध्वनिवर्धक लावले होते. डोंगरांकडे डोळे लावून साहाय्याची वाट पाहणारे १२१ वे स्तोत्र त्या दिवशी गायले गेले. जिथे ते गायले गेले तिथे डोंगराखेरीज दुसरे काही नजरेला पडतच नव्हते.

त्यानंतरचा हिशेब असा. चर्चच्या अंगणातली ९७ माणसांची अस्थिशेषे उकरून काढली आणि शॅपला नेऊन पुन्हा पुरली. १७३६ मध्ये प्रेतवाट बंद झाली, त्यानंतर जवळपास दोनशे वर्षे शॅपला जायचे टळलेले हे लोक अखेर शॅपलाच गेले. या हकिकतीतला हा एक तपशील माझ्या मनातून जात नाही. जिवंतांना नवे घर मिळते, भरपाईवर वाद घालता येतो. मेलेल्यांना मात्र निमूटपणे पूर्वजांच्या जुन्या वाटेच्या टोकाला जाऊन पडावे लागले.

चर्च पाडले नाही, उतरवले. त्याचे दगड आणि खिडक्या जलाशयातून पाणी घेण्याच्या मनोऱ्यात बसवल्या. तो मनोरा काठावर आजही काम करतो आहे. म्हणून पाण्याखाली घंटा शोधू नये, चर्च काठावर उभे आहे. बाकीच्या इमारतींचे नशीब वेगळे. त्या लष्कराच्या रॉयल इंजिनिअर्सना सुरुंगाच्या सरावासाठी दिल्या गेल्या. दुष्काळात जी जोती आणि दगडांचे ढीग दिसतात ते या सुरुंगांचे काम आहे, पाण्याचे नाही. ‘डन बुल’ही गेले. त्याच्या बदल्यात महापालिकेने काठावर उंच जागी हॉझवॉटर हॉटेल बांधले. मेंढपाळांचा मेळावा मात्र त्या हॉटेलाबरोबर गेला नाही, तो खाली बँप्टन गावी गेला आणि मार्डेलचेच नाव घेऊन तिथे भरू लागला.

आणि मेंढ्या? त्या कुठेच गेल्या नाहीत. खोऱ्याचा तळ बुडाला तरी वरची कुरणे कोरडीच राहिली. मात्र तळातली गवताची शेते, म्हणजे कळपाचा हिवाळ्याचा घास, पाण्याखाली गेली होती. डोंगरी मेंढपाळीत तळ आणि माथा ही जोडी असते. एक नाहीसा झाला की दुसऱ्याची किंमत उतरते.

पाण्याच्या बाजूने पाहिले तर योजना फसली असे कोणी म्हणू शकणार नाही. हॉझवॉटर ते मँचेस्टर ही सुमारे ११० किलोमीटरची जलवाहिनी १९५५ मध्ये पूर्ण झाली. डोंगरांखालच्या बोगद्यांतून पाणी पंपाशिवाय, निव्वळ उतारावर वाहत जाते. आजही वायव्य इंग्लंडच्या पाण्याचा जवळपास चौथा हिस्सा या एका जलाशयातून येतो. १९७४ मध्ये ही व्यवस्था महापालिकेकडून प्रादेशिक जलप्राधिकरणाकडे गेली आणि १९८९ मध्ये तिचे खासगीकरण झाले. ज्या शहराच्या नावाने वाडी उठवली, त्या शहराच्या महापालिकेकडे आता ते तळे नाही.

माणसे गेलेल्या त्या टोकाला पुढे एक वेगळा रहिवासी आला. १९६९ पासून रिगिनडेलच्या कड्यांत सोनेरी गरुडांची जोडी घरटे करू लागली. २००४ मध्ये मादी दिसेनाशी झाली. नर एकटाच राहिला आणि २०१५ नंतर तोही दिसला नाही. इंग्लंडमधला तो शेवटचा निवासी सोनेरी गरुड. शेजारच्या स्विंडेलमध्ये, जिथून प्रेतवाट जाते, तिथला ओढा पूर्वी सरळ खणून ठेवला होता. २०१६ मध्ये तो पुन्हा वळणावळणाचा करण्यात आला आणि काही महिन्यांतच सॅमन मासे तिथे अंडी घालायला आले. मेंढ्या कमी करून झाडे आणि दलदल वाढवावी की नाही, यावर मात्र या डोंगरांत आज मतभेद आहेत. मेंढपाळांच्या मनात त्या वादाला मार्डेलची आठवण चिकटली असेल, तर ते समजण्यासारखे आहे.

प्रेतवाट अजून चालती आहे. जलाशयाकाठच्या रस्त्यावरून ती नागमोडी वर चढते. चढावर ढासळलेल्या दगडी खोपटांचे अवशेष लागतात. जळणासाठी कापलेले पीट, म्हणजे दलदलीतला कुजलेल्या वनस्पतींचा थर, तिथे वाळवून साठवत. तिथून मागे वळून पाहिले की जलाशयाचे वरचे टोक दिसते आणि पाण्यात एक झाडीचे बेट दिसते, वुड हाऊ. पूर्वी ती वाडीजवळची टेकडी होती. भरल्या वर्षी मार्डेल ग्रीनची जागा ओळखायला तेवढीच एक खूण पाण्यावर असते.