काजूची भट्टी बागेतच का?

मार्च उजाडला की गोव्यात सत्तरी, डिचोली, सांगे, काणकोण अशा डोंगराळ तालुक्यांत काजूची फेणी ही दारू गाळणाऱ्या भट्ट्या पेटतात आणि पाऊस येईपर्यंत धगधगत राहतात. भट्टी म्हणजे झावळ्यांची किंवा पत्र्याची शेड, मातीची चूल, तिच्यावर मोठं तांब्याचं भांडं, बाजूला पाण्याची टाकी. ही शेड थेट बागेत असते. काही ठिकाणी तर गाडी जाईल असा रस्ताही नसतो. पाहायला आलेल्या माणसाला वाटतं की हा काळाच्या मागे राहिलेला धंदा आहे, उद्या मोठा कारखाना आला की सगळं एका छपराखाली जाईल. मला हे पटत नाही. भट्टी बागेत आहे, लहान आहे आणि तीन महिनेच चालते, याचं मुख्य कारण काजूच्या फळातच आहे.

काजूचं झाड पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणलं. आपण ज्याला फळ समजतो तो लाल-पिवळा बोंडू म्हणजे फुलाचा फुगलेला देठ. खरं फळ त्याच्या टोकाला लटकतं, ती काजूची बी. आधी बी पूर्ण वाढते आणि बोंडू अगदी शेवटी, थोड्या दिवसांत रसाने भरतो. त्याची साल इतकी पातळ असते की बोटाने दाबली तरी फाटते. फेणीसाठी बोंडू झाडावरून तोडत नाहीत, पिकून आपोआप पडलेलाच वेचतात. कच्च्या बोंडूत साखर कमी आणि टॅनिन हे तुरट द्रव्य जास्त असतं, तेव्हा ही शिस्त रास्तच आहे. पण पिकून पडलेला बोंडू एप्रिलच्या उन्हात जेमतेम एक दिवस टिकतो. सकाळी वेचलेला बोंडू संध्याकाळपर्यंत चिरडला गेला पाहिजे.

त्याआधी बी पिळून वेगळी करतात. बीच्या टरफलात अॅनाकार्डिक आम्ल आणि कार्डोल ही दाहक द्रव्यं असतात, त्यांनी हाताची कातडी सोलवटते. आपला बिब्बा काजूच्याच कुळातला, आंबाही त्यातलाच. बिब्ब्याने अंगावर फोड आलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

मग बोंडू 'कोळंबी'त टाकतात. हा खडकात कोरलेला उथळ हौद. त्यात पायांनी तुडवायची जुनी पद्धत अजून काही ठिकाणी आहे. बाकीकडे दाबयंत्रं आली. रस निघून गेला की चोथ्याचा ढीग रचून वेलींनी आवळतात, वर दगड ठेवतात आणि रात्रभर त्यातून थेंब थेंब रस गळतो. तो 'निरो'. निरो ताजाच पितात, त्यात दारू नसते. संत्र्याच्या कितीतरी पट क जीवनसत्त्व त्यात असतं. बोंडू खाल्ल्यावर घसा आवळतो तो टॅनिनमुळे: टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं आणि तोंडातला ओलसर गुळगुळीतपणा नाहीसा होतो. ब्राझीलच्या पियाउई राज्यात हेच टॅनिन जिलेटिनने खाली बसवून 'काजुईना' हे बिनदारूचं पेय करतात. गोव्याने वेगळा मार्ग धरला. टॅनिन उडून जाणारं नाही, ते ऊर्ध्वपातनात, म्हणजे रस उकळून त्याची वाफ थंड करून गोळा करताना, भांड्यातच राहतं.

तुडवलेला रस पूर्वी जमिनीत पुरलेल्या मातीच्या भांड्यांत आंबवत. आता बहुतेक ठिकाणी प्लास्टिकचे पिंप दिसतात. मला मातीची भांडी सरस वाटतात, कारण जमिनीत पुरल्याने रस थंड राहतो आणि आंबणं बेभान होत नाही. यात बाहेरून यीस्ट घालत नाहीत. बोंडूच्या सालीवर, कोळंबीच्या दगडावर, भांड्याच्या आतल्या बाजूला यीस्ट असतंच. अशा आपोआप आंबणाऱ्या फळांच्या रसात सुरुवातीला अनेक जंगली जाती काम करतात. अल्कोहोल वाढत गेलं की त्या मागे पडतात आणि ते सोसणारी सॅकरोमायसिस जात ताबा घेते. काजूफेणीचा तो ओळखीचा उग्र वास, जो काहींना आवडतो आणि काहींना अजिबात सोसत नाही, तो या आंबण्यात आणि मुळातल्या बोंडूत तयार होतो, चुलीवर नव्हे. तो मुख्यतः एस्टर या रसायनांचा असतो, आणि त्यांतली काही लिटरमागे काही मायक्रोग्रॅम असली तरी नाकाला जाणवतात.

साधारण तीन दिवसांत फेस बसतो. आता थांबून चालत नाही, कारण यीस्टच्या मागोमाग अॅसेटिक आम्ल करणारे जीवाणू येतात आणि रसाचा सिरका व्हायला लागतो. म्हणजे फळाला एक दिवस, रसाला तीन दिवस. हा माल ट्रकात भरून दूरच्या कारखान्यात न्यायचा तरी कधी?

भट्टीवर जे घडतं त्याबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे: अल्कोहोल ७८ अंशांना उकळतं, पाणी १०० ला, म्हणून अल्कोहोल आधी उडून जातं आणि पाणी मागे राहतं. तसं होत नाही. लिटरभर रसात सुमारे १०० ग्रॅम साखर, म्हणजे आंबल्यावर जेमतेम ५-६ टक्के अल्कोहोल. असा रस ९५-९६ अंशांना उकळतो आणि वाफेत पाणी व अल्कोहोल दोन्ही असतात. फक्त वाफेतलं अल्कोहोलचं प्रमाण द्रवापेक्षा बरंच जास्त असतं. ५ टक्क्यांच्या रसातून निघणाऱ्या पहिल्या वाफेत ते ३५ टक्क्यांच्या आसपास भरतं. जसजसा रस उकळतो तसतसं त्यातलं अल्कोहोल संपत जातं आणि वाफही पातळ होते. सगळी धार एकत्र केली की साधारण १५ टक्क्यांचा 'हुर्राक' मिळतो. हाच हुर्राक नव्या आंबलेल्या रसात मिसळून पुन्हा भट्टीवर चढवतात. आता सुरुवातीचा द्रवच जास्त कडक असल्याने वाफ त्याहून कडक निघते, आणि फेणी ४० टक्क्यांच्या वर जाते.

तांब्याच्या भांड्याचाही इथे वाटा आहे. आंबताना कुजक्या वासाची गंधकयुक्त संयुगं तयार होतात. तांबं त्यांना धरून ठेवतं. वाफ नळीतून 'लावणी' नावाच्या मडक्यात उतरते. पूर्वी माणूस बसून करवंटीच्या डवल्याने त्या मडक्यावर सतत पाणी ओतायचा, आता टाकीतल्या पाण्यात बुडवलेली वेटोळी नळी ते काम करते. मडकं तापलं तर वाफ निसटते आणि सर्वांत आधी हलके सुगंध जातात. जाळ मोठा झाला तर रस उसळून थेट नळीत घुसतो. म्हणून चुलीपाशी बसलेला माणूस सारखी लाकडं पुढे-मागे करत असतो.

फेणी तयार झाली हे ओळखायची जुनी रीत म्हणजे ती भांड्यात हलवून किंवा उंचावरून ओतून फेसाकडे पाहायचं. बुडबुडे मण्यांसारखे टिकून राहिले तर माल कडक. यामागचं भौतिकशास्त्र मला फार आवडतं. पाणी पातळ, अल्कोहोलही पातळ. पण दोन्ही मिसळले की रेणू एकमेकांना हायड्रोजन बंधांनी जखडतात आणि मिश्रण दोघांहून दाट होतं. वजनाने ४० ते ५० टक्के अल्कोहोल असताना हा दाटपणा शिगेला पोचतो, २० अंश तापमानाला पाण्याच्या जवळजवळ तिप्पट. बुडबुड्याच्या भिंतीतला द्रव सावकाश निथळतो, म्हणून तो टिकायला मदत होते. हुर्राकात हा दाटपणा कमी, तिथे मणी चटकन फुटतात. काचेचा मापक आला तरी अनुभवी माणूस आधी फेसच बघतो.

गावठी भट्टी म्हटलं की विषारी दारूची भीती मनात येते, आणि ती उगीच नाही. २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणीत शंभराहून जास्त माणसं मेली. पण अशा घटनांत मारणारं मिथेनॉल बहुधा औद्योगिक असतं, दारूत मिसळलेलं. पेक्टिन या फळाच्या गरातल्या चिकट पदार्थापासून थोडं मिथेनॉल प्रत्येक फळाच्या दारूत बनतं. ते सगळं पहिल्या धारेत निघून जातं असं मानू नये. पाण्याने भरलेल्या मिश्रणात ते शेवटपर्यंत झिरपत राहतं. मुळात ते थोडंच असतं, म्हणून सुरक्षिततेचा खरा प्रश्न आहे तो भेसळीचा.

काजूफेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. सीमेच्या अलीकडे दोडामार्ग, सावंतवाडी, वेंगुर्ले इथेही काजू मुबलक आहे, तिथे बी विकली जाते आणि बीच्या कैक पट वजनाचा बोंडू बहुतांशी झाडाखालीच कुजतो. त्याचं सरबत करा, दारू करा किंवा आणखी काही. चोवीस तासांत चिरडायची सोय बागेपासून चालत जाण्याच्या अंतरावर नसेल, तर कितीही मोठा प्रकल्प तालुक्याच्या गावी उभारला तरी त्याच्या दारात सडका बोंडूच येईल.