राखणदार फोटो देत नाही म्हणे!

परवा रोल धुऊन आला. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझुस बॅसिलिकेचे संध्याकाळी पाचला काढलेले फोटो झकास, पण सूर्य बुडाल्यावर ट्रायपॉड लावून काढलेले शेवटचे दोन एकदम पातळ, निगेटिव्ह पेपरवर ठेवली तर खालची बातमी वाचता येईल इतके. शेजारचे काका म्हणाले, "राखणदार असतो रे तिथं, तिन्हीसांजेला फोटो देत नाही." मग पाचला तो काय चहाला गेलेला? लॅबचीही चूक नाही, रोल एकच, केमिकल एकच.

पाचला काम सोपं असतं. चर्चचं तोंड पश्चिमेला, भिंत गिलावा नसलेल्या जांभ्या दगडाची, तिरपं ऊन आलं की दगडाचं भोक न् भोक सावली धरतं. लेन्सचं छिद्र एफ/११, शटर १/६० सेकंद, संपलं.

अंधारात मात्र प्रकाश मोजणाऱ्या मीटरने १० सेकंद सांगितले, मी १० दिले आणि तिथंच फसलो, कारण प्रकाश निम्मा तर वेळ दुप्पट हा हिशोब फिल्म एका हद्दीपर्यंतच पाळते. फिल्मवर सिल्व्हर ब्रोमाइडचे बारीक कण असतात. फोटॉन, म्हणजे प्रकाशाचं एक पुडकं, कणात शिरला की एक इलेक्ट्रॉन सुटतो, कणातल्या एखाद्या खोटीच्या जागी अडकतो, मग चांदीचा एक आयन, म्हणजे धन भार असलेला अणू, फिरत फिरत तिथं येतो आणि दोघं मिळून चांदीचा एक अणू होतो. पण गंमत अशी की हा एकटा अणू टिकत नाही, काही सेकंदांत परत फुटतो, इलेक्ट्रॉन गेला कुठंतरी. त्याच्या आत दुसरा फोटॉन आला तर जोडी जमते आणि जोडी टिकते, चारेक अणू जमले की डेव्हलपर, म्हणजे रोल धुण्याचं केमिकल, तो अख्खा कण काळा करून टाकतो, म्हणजे चार अणूंच्या जोरावर अब्जावधी अणूंची चांदी. पाचला फोटॉनचा पाऊस असतो, जोडीदार लगेच मिळतो. तिन्हीसांजेला ते रेंगाळत येतात, दुसरा पोचेपर्यंत पहिला गायब.

अणूंचं हे गणित गर्नी आणि मॉट या भौतिकशास्त्रज्ञांनी १९३८ मध्ये मांडलं, पण हिशोब चुकतो हे ताऱ्यांचे फोटो काढणाऱ्या श्वार्झशिल्डने १९०० च्या आसपासच मोजलं होतं, हो, तोच कृष्णविवरवाला.

जुन्या पद्धतीच्या काही ब्लॅक अँड व्हाइट फिल्मना मीटरच्या १० सेकंदांना ५० द्यावे लागतात. रविवारी परत जातोय. काकांनाही नेतो, सेकंद मोजायला.