तक्रार निवारण आणि ग्राहकनिष्ठा (ऑनलाइन खरेदी)

ऑनलाइन मागवलेल्या वस्तूत घोळ झाला, कंपनीनं तो कसा निस्तरला आणि त्यावरून गिऱ्हाईक टिकलं की गेलं, हा या नोंदीचा विषय. ठाण्यात गोखले रोडवर घेतलेला कुर्ता उसवला तर माणूस पिशवी घेऊन सरळ दुकानात जातो, थोडी हुज्जत होते, विषय संपतो. ॲपवर समोर कोणी नसतंच. माल बऱ्याचदा भिवंडीच्या गोदामातून म्हणजे तासाभराच्या अंतरावरून येतो, पण तक्रार करायला गेलं की आधी बॉट, मग चॅट, मग "तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे".

१९९२ मध्ये मॅककॉलो आणि भारद्वाज या संशोधकांनी 'सर्व्हिस रिकव्हरी पॅराडॉक्स' ही कल्पना मांडली, म्हणजे चूक झाली पण ती झकास निस्तरली तर गिऱ्हाईक आधीपेक्षाही खूश होतं. ऐकायला भारी वाटतं, पण आधीचे बरेच अभ्यास एकत्र करून बघणाऱ्या २००७ च्या एका अभ्यासात समाधान वाढलेलं दिसलं आणि पुन्हा तिथूनच घेण्याचा इरादा मात्र तसा वाढलेला दिसला नाही. शिवाय चूक किरकोळ आणि पहिलीच असेल तरच हे जमतं, दुसऱ्यांदा तोच घोळ झाला की संपलं.

लोक तीन गोष्टी बघतात: पैसे परत मिळाले का, किती हेलपाटे पडले आणि बोलणारा नीट बोलला का. माझ्या मते मधली गोष्ट सगळ्यात जड. आमच्या घणसोलीच्या घरी मिक्सरचं भांडं तडकलेलं आलं, रिफंड पूर्ण मिळाला, पण चार वेगवेगळ्या लोकांना तेच फोटो पाठवावे लागले आणि पिकअपवाला न येताच 'ग्राहक घरी नव्हता' असा मेसेज आला, त्या ॲपवरून नंतर आम्ही काहीच घेतलं नाही.

कायद्यानं बघायचं तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार तक्रार अधिकाऱ्यानं ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा. नाही झालं तर १९१५ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, आणि आपण राहतो तिथल्याच जिल्हा ग्राहक आयोगात केस टाकता येते, खरेदी ५ लाखांपर्यंतची असेल तर फीसुद्धा नाही. पण एवढं कोण करतंय, बहुतेक जण ॲप उडवतात आणि सोसायटीच्या ग्रुपवर "इथून घेऊ नका रे" टाकून मोकळे होतात, आणि ही तक्रार कंपनीला कधी कळतच नाही.