जकात

शहराच्या हद्दीत उपभोगासाठी, वापरासाठी किंवा विक्रीसाठी येणाऱ्या मालावर तेथील नगरपालिका किंवा महानगरपालिका वेशीवरच जो कर वसूल करीत असे, त्यास जकात म्हणतात. भारतीय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीतील 52 व्या नोंदीने हा कर बसविण्याचा अधिकार राज्यांना दिला होता आणि राज्यांनी कायदे करून तो स्थानिक संस्थांकडे सोपविला होता. कर्नाटकाने 1979 मध्ये आणि गुजरातने 2007 मध्ये जकात पूर्णपणे उठविली. महाराष्ट्रातील मोठ्या महानगरपालिकांनी मात्र ती त्यानंतरही काही वर्षे सोडली नाही. वस्तू व सेवा कर लागू होण्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे 30 जून 2017 च्या मध्यरात्री, बृहन्मुंबई महानगरपालिकेचे जकात नाके बंद झाले.

मालाच्या वाहतुकीवर कर घेण्याची प्रथा महाराष्ट्रात जुनी आहे. मराठेशाहीत घाटांच्या तोंडाशी, बंदरांवर आणि बाजारपेठांत जकातीची ठाणी असत. हा कर केवळ महसुलाचे साधन नव्हता, याची साक्ष छत्रपती शिवाजी महाराजांनी 1671 मध्ये कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांना पाठविलेल्या पत्रातून मिळते. बारदेशातून, म्हणजे पोर्तुगीजांच्या ताब्यातील गोव्यातून, येणारे मीठ स्वराज्यातील मिठापेक्षा महाग पडेल अशा बेताने त्यावर जबर जकात बसवावी, असा त्या पत्राचा आशय आहे. मात्र ही जकात राज्याच्या सीमेवरची होती. शहराने स्वतःच्या खर्चासाठी घ्यावयाची जकात ही नंतरची, इंग्रजी अमलातील गोष्ट होय. कंपनी सरकारने अंतर्गत वाहतुकीवरील जुन्या जकाती उठविल्या, आणि 1850 च्या नगरपालिका कायद्यानंतर जकातीने नगरपालिकेचा कर म्हणून पुन्हा मूळ धरले. मुंबई इलाख्यातील शहरांना घरपट्टीपेक्षा ती सोयीची वाटली, आणि त्याचे कारण उघड आहे : घरपट्टीचे बिल घरमालकाच्या हाती पडते आणि त्याला बोचते, तर जकात मालाच्या किमतीत मिसळून जाते आणि अखेरीस ती भरणाऱ्या गिऱ्हाइकाला तिचा पत्ताही लागत नाही.

नाक्यावरील व्यवहार वरवर साधा दिसे. मालमोटारीचा चालक बिल्टी (माल वाहतुकीची पावती) आणि मालाचे बिल खिडकीवर देई, कारकून दरसूचीतील दर लावी, रक्कम भरून पावती मिळाली की गाडी पुढे जाई. काही वस्तूंवरील जकात वजनावर किंवा नगावर, तर बहुतेकांवरील किमतीवर आकारली जात असल्यामुळे खरा वाद किमतीचा असे. बिलावर किंमत कमी दाखविली आहे असा संशय आला की गाडी बाजूला घेतली जाई. एकाच व्यापाऱ्याचा, एकाच जातीचा माल भरलेली गाडी लवकर सुटे. अनेक दुकानदारांची लहानमोठी पार्सले घेऊन येणाऱ्या गाडीतील प्रत्येक डागाची वेगळी आकारणी करावी लागे, आणि तिच्यामागे रांग लागे. शहरातून केवळ पलीकडे जाणाऱ्या गाडीला जकात लागू नव्हती. पण ती वाटेत माल उतरविणार नाही याची खात्री हवी म्हणून तिच्याकडून अनामत घेतली जाई किंवा तिच्याबरोबर महापालिकेचा माणूस दिला जाई. जकात भरून शहरात आलेला माल पुन्हा हद्दीबाहेर पाठविल्यास परतावा मिळण्याची तरतूदही होती, परंतु त्यासाठी लागणारी कागदपत्रे पाहता लहान व्यापारी तिच्या वाटेला फारसा जात नसे. चुकवेगिरी पकडण्यासाठी भरारी पथके असत आणि चुकविलेल्या जकातीच्या दहापटीपर्यंत दंड होऊ शके. जिथे कर रोखीने, रस्त्यावर आणि घाईत घेतला जातो तिथे चिरीमिरीला वाव राहतोच; वाहतूकदारांचा राग कराच्या दरापेक्षा या खोळंब्यावर आणि चिरीमिरीवर अधिक होता, असे म्हणावयास हरकत नाही. काही महापालिकांनी वसुलीचा ठेका खासगी कंत्राटदारांना देऊन पाहिला. त्याने वसुलीची हमी मिळाली, तक्रारी मात्र कमी झाल्या नाहीत.

मुंबईत दहिसर, मुलुंड, ऐरोली आणि मानखुर्द येथील रस्त्यांवरचे नाके सर्वांच्या परिचयाचे होते. त्यांखेरीज बंदर, रेल्वे आणि विमानतळावरून येणाऱ्या मालावरही जकात घेतली जाई. चेंबूर-माहुल भागातील तेलशुद्धीकरण कारखान्यांत येणारे कच्चे तेल हा या उत्पन्नाचा मोठा आधार होता. जकातीने शहराच्या भूगोलावरही आपली खूण ठेवली आहे. मुंबईच्या हद्दीत माल आणून साठविला की जकातीचा पैसा विक्रीच्या आधीच अडकून पडे. त्यामुळे घाऊक व्यापाऱ्यांनी आणि कंपन्यांनी भिवंडीजवळ माणकोली, राहनाळ, पूर्णा, काल्हेर या ग्रामपंचायतींच्या हद्दीत गोदामे घेतली आणि मागणी येईल तसा माल शहरात नेण्यास सुरुवात केली. स्वस्त जागा आणि महामार्गाची जवळीक ही कारणे होतीच, पण नाक्याच्या अलीकडे थांबण्यातला फायदा हे त्यांच्या वाढीचे एक प्रमुख कारण होते.

महाराष्ट्रात जकात टप्प्याटप्प्याने गेली. नगरपरिषदांच्या क्षेत्रात ती 1999 मध्ये बंद होऊन तिच्याऐवजी राज्याचे सहायक अनुदान सुरू झाले. महानगरपालिकांसाठी स्थानिक संस्था कर आणण्यात आला; सर्वत्र तो ‘एलबीटी’ याच नावाने ओळखला गेला. एप्रिल 2010 मध्ये जळगाव, नांदेड-वाघाळा आणि मीरा-भाईंदर येथे त्याची सुरुवात झाली आणि 2013 मध्ये पुणे, पिंपरी-चिंचवड, ठाणे, नागपूर या मोठ्या शहरांत तो लागू झाला. कर शहरात येणाऱ्या मालावरच होता. फरक इतकाच की नाका गेला आणि व्यापाऱ्याने स्वतःच्या हिशेबवह्यांवरून कर भरावा अशी अपेक्षा ठेवण्यात आली. व्यापाऱ्यांनी त्याला कडाडून विरोध केला आणि 2013 मध्ये अनेक शहरांतील बाजारपेठा बंद राहिल्या. राज्याच्या विक्रीकर खात्यापाठोपाठ महापालिकेचा अधिकारीही वह्या तपासणार, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. अखेरीस 1 ऑगस्ट 2015 पासून वार्षिक उलाढाल 50 कोटी रुपयांपेक्षा कमी असलेल्या व्यापाऱ्यांना या करातून वगळण्यात आले आणि उरलेला कर जुलै 2017 मध्ये संपला. मुंबईत एलबीटी कधीच आला नाही. तेथे जकातीनंतर थेट वस्तू व सेवा कर आला.

101 व्या घटनादुरुस्तीने (2016) राज्यसूचीतील 52 वी नोंदच वगळली. करमणूक कराचा अधिकार पंचायती व नगरपालिकांकडे राहिला, परंतु त्याचे उत्पन्न जकातीच्या जवळपासही जात नाही. नुकसान भरून देण्यासाठी महाराष्ट्राने 2017 मध्ये वेगळा कायदा केला. त्यानुसार 2016-17 चे उत्पन्न पायाभूत धरून त्यात दरवर्षी 8 टक्के चक्रवाढ देण्यात येते आणि ती रक्कम महापालिकांना दरमहा मिळते. जुलै 2017 मध्ये बृहन्मुंबई महानगरपालिकेला मिळालेला पहिला धनादेश 647.34 कोटी रुपयांचा होता. तुलनेसाठी पाहावयाचे तर केंद्राने राज्यांना 14 टक्के वाढीची हमी दिली होती, पण ती पाच वर्षांपुरती होती आणि जून 2022 मध्ये संपली.

व्यापाराच्या दृष्टीने जकातीचा बचाव करणे अवघड आहे. ती वाहतूक अडवी, नफा-तोटा न पाहता मालावर आकारली जाई आणि कच्च्या मालावर व तयार मालावर वेगवेगळी पडत असल्यामुळे करावर कर चढे. तरीही महापालिकेच्या बाजूने पाहता तिच्यात दोन गुण होते, जे अनुदानात नाहीत : पैसा रोज तिजोरीत येत असे आणि तो महापालिकेचा स्वतःचा असे. 74 व्या घटनादुरुस्तीने (1992) नगरपालिकांना घटनात्मक दर्जा दिला, परंतु त्यांच्या करांची स्वतंत्र सूची घटनेत घातली नाही; कोणता कर घ्यावयाचा हे 243 भ या अनुच्छेदानुसार राज्य विधिमंडळच ठरविते. जकात गेल्यावर महापालिकांच्या हाती मुख्यतः मालमत्ता कर, पाणीपट्टी आणि विकास शुल्क एवढेच मार्ग उरले. त्यांपैकी मालमत्ता करातून मुंबईतील 500 चौरस फुटांपर्यंतच्या सदनिका वगळण्याचा निर्णय 2022 मध्ये राज्य सरकारने जाहीर केला.