फाइलचं नाव आणि गाण्याचा टॅग

फाइलचं नाव बदललं की प्लेअरवर दिसणारं गाण्याचं नावही बदलेल, असा अनेकांचा समज असतो. पण प्लेअर सहसा फाइलच्या आतला टॅग, म्हणजे गाण्याच्या माहितीची छोटी नोंद, वाचतो. एमपी३साठी १९९६ साली आलेला पहिला आयडी३ टॅग फाइलच्या अगदी शेवटी असे आणि तो अवघा १२८ बाइटचा होता. शीर्षक, कलाकार आणि अल्बम यांच्या वाट्याला प्रत्येकी ३० बाइट येत, त्यामुळे लांब नावं अर्ध्यात तुटत. १९९८च्या दुसऱ्या आवृत्तीत टॅग फाइलच्या सुरुवातीला आला, ऐसपैस झाला आणि अनेक लिप्या सामावणाऱ्या युनिकोड या अक्षरसंकेतामुळे देवनागरीलाही जागा मिळाली.

तरी पुष्कळ फाइलींचे टॅग कोरेच असतात. माहिती असते, पण ती फाइलच्या आणि फोल्डरच्या नावात. ती उचलून टॅगमध्ये भरायला प्रोग्रामला एक साचा देतात: 'क्रमांक - कलाकार - शीर्षक'. आता '०४ - गायक - पहाट - भाग २' हे नाव घ्या. साचा तीन खणांचा, तुकडे मात्र चार. नमुना जुळवणारा प्रोग्राम हावरा असेल, म्हणजे आधीच्या खणात शक्य तितका मजकूर कोंबत असेल, तर कलाकाराच्या खणात 'गायक - पहाट' जातं आणि शीर्षक उरतं नुसतं 'भाग २'. तो संयमी असेल, म्हणजे पहिल्याच डॅशपाशी थांबत असेल, तर शीर्षक 'पहाट - भाग २' असं बरोबर येतं. पण कलाकाराच्याच नावात डॅश असेल, तर हाच संयम चुकतो. एकटी फाइल पाहून हा प्रश्न सुटत नाही.

सुटतो तो शेजारच्या फाइलींमुळे, आणि मला यातलं सगळ्यात सुंदर वाटतं ते हेच. एका फोल्डरातली सगळी नावं एकाखाली एक मांडा आणि उभे स्तंभ वाचा. जो स्तंभ १, २, ३ असा चढतो तो क्रमांक. जो सगळीकडे तोच राहतो तो कलाकार किंवा अल्बम. वरच्या फोल्डरचं नाव त्याच्याशी जुळलं, तर दोहोंपैकी कोणता तेही कळतं. दर ओळीत बदलतं ते शीर्षक. चार तुकड्यांच्या ओळीत कोणते दोन जोडायचे? ज्यांना जोडल्यावर स्थिर स्तंभ स्थिरच राहतो ते. '१९९८'ने सुरू होणारं नावही याच कसोटीवर पारखता येतं: शेजारी १९९७ आणि १९९९ नसतील, तर तो क्रमांक नव्हे. अनेक कलाकारांच्या संग्रहात मात्र स्थिर स्तंभच नसतो. तिथे ही युक्ती थकते.

हल्ली अशा कामालाही 'एआय' म्हणून विकतात. इथे लागते ती मोजणी आणि तुलना. आवाजाच्या ठशावरून गाणं ओळखण्याची पद्धत वेगळी आहे आणि उत्तमही आहे, पण गाणं तिच्या संग्रहात असेल तरच. घरी केलेलं ध्वनिमुद्रण तिथे सापडणार नाही. त्याचा पत्ता फक्त आपण दिलेल्या नावात असतो.

टॅग लिहिताना आवाजाच्या माहितीला हात लागत नाही, पण जुना टॅग पुसला जातो. म्हणून लिहिण्याआधी प्रोग्रामने दाखवलेला तक्ता स्तंभाप्रमाणे एकदा वरून खाली वाचा. चुकलेली ओळ लगेच उठून दिसते.