जुन्या पेट्रोल पंपाच्या जागेची माती-पाणी तपासणी : अर्ज कुणाकडे, कागद कोणते

पंप बंद होतो, भोवती पत्रे लागतात आणि यथावकाश तिथे नव्या इमारतीचा फलक झळकतो. जमिनीखालच्या टाक्या गळत होत्या का, हा प्रश्न शेजारच्या सोसायटीला पडतो तो बोअरच्या पाण्याला वास मारू लागल्यावर.

तक्रार कुणीही करू शकतं, जागेची मालकी लागत नाही. दूषित जागांबाबत केंद्राचे नियम जुलै 2025 मध्ये आले. त्यांनुसार संशयित जागांची यादी स्थानिक संस्था किंवा जिल्हा प्रशासनाने प्रदूषण नियंत्रण मंडळाला द्यायची आणि मंडळाने 90 दिवसांत प्राथमिक तपासणी करायची. म्हणून पुण्यातल्या जागेसाठी अर्ज महापालिका आयुक्तांच्या नावे करा. एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांना आणि एक मंडळाच्या वाकडेवाडीतल्या जोग सेंटरमधल्या प्रादेशिक कार्यालयाला द्या. साधा कागद चालतो, पण तिन्ही ठिकाणी पोच घ्याच.

सोबत जागेची मिळकत पत्रिका किंवा सातबारा, बोअर-विहिरी दाखवणारा हाती काढलेला नकाशा, वास पहिल्यांदा कधी आला त्याची तारीख, फोटो आणि सोसायटी असेल तर ठरावाची प्रत जोडा.

खरा दस्तऐवज मात्र पेसोकडे, म्हणजे केंद्राच्या पेट्रोलियम आणि स्फोटकं सुरक्षा संघटनेकडे असतो. पंपाचा परवाना तिथलाच आणि त्याला जोडलेल्या नकाशात टाक्या कुठे, किती क्षमतेच्या, हे सगळं असतं. 10 रुपये शुल्काचा माहिती अधिकार अर्ज करून तो नकाशा मागा. उत्तराची मुदत 30 दिवस. परवाना कुणाच्या नावे होता तेही विचारा. लोक डीलरच्या नावाने बोटं मोडत बसतात, पण परवाना बऱ्याचदा तेल कंपनीचा असतो आणि तक्रारीत नाव परवानाधारकाचं हवं.

जागा विकत घेणाऱ्याने मालकाची लेखी परवानगी काढून स्वतःच तपासणी करून घ्यावी. नमुने एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेच्याच माणसाने घ्यावेत. पिण्याच्या पाण्याच्या नेहमीच्या चाचणीत पेट्रोलमधलं घातक बेंझीन तपासलं जात नाही. बेंझीन, टोल्युइन, झायलीन आणि एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन असं नाव घेऊन मागावं लागतं. पंप 2000 च्या आधीचा असेल तर शिसंही तपासा, कारण त्या वर्षीच्या फेब्रुवारीपर्यंत देशात शिसेयुक्त पेट्रोल मिळत होतं.

नमुना रिकाम्या प्लास्टिकच्या बाटलीत भरून नेणारे मी पाहिलेत. ते कष्ट वाया. बेंझीन उडून जातं, म्हणून काचेची छोटी कुपी काठोकाठ भरायची, आत बुडबुडा नको आणि ती बर्फात ठेवून न्यायची. बोअरची मोटर तासभर चालवून घेतलेलं पाणीही फसवं, कारण पेट्रोल-डिझेल हलकं, ते पाण्यावर तरंगतं. आधी वरचा थर पाहा. आपल्याकडे मुरुमाखाली काळा पाषाण. त्यातलं पाणी भेगांतून वाट काढतं, त्यामुळे टाकीला खेटून असलेली बोअर स्वच्छ आणि गल्लीपलीकडची खराब, असं होऊ शकतं. एका बोअरवर निकाल देऊ नका. मे महिन्यात एकदा आणि पावसाळा सरल्यावर एकदा, असे दोनदा नमुने घ्या.

पिण्याच्या पाण्यात खनिज तेलाची भारतीय मानकातली मर्यादा लिटरला 0.5 मिलिग्रॅम आहे. अहवाल आला की तो तक्रारीला जोडून पुन्हा पोच घ्या. तोवर ते पाणी पिऊ नका. आणि पत्र्यांआड टाक्या उपसायला सुरुवात झालेली दिसली, तर मंडळाला त्याच दिवशी लेखी कळवून खड्ड्याच्या तळाची माती तपासायला सांगा. डंपर एकदा हलले की त्या मातीचा माग लागत नाही.